कार्पसच्या खाली ‘क्रॅनियल’ का चालत नाही? दिशा आणि हालचालींच्या संज्ञांचा गोंधळ

नवशिका_व्हेट

नमस्कार मंडळी. बी.व्ही.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. नीटसाठी माणसाची शरीररचना पाठ केलेली, त्यामुळे अँटिरिअर-पोस्टिरिअर (पुढचं-मागचं), सुपिरिअर-इन्फिरिअर (वरचं-खालचं) डोक्यात घट्ट बसलंय. क्रॅनियल (कवटीकडे), कॉडल (शेपटीकडे), डॉर्सल (पाठीकडे), व्हेंट्रल (पोटाकडे) इथपर्यंत आता जमतं. पुढे अडतं.

मेटाकार्पसच्या (पुढच्या पायात कार्पसच्या, म्हणजे मनगटाच्या, खालचं लांब हाड) पुढच्या बाजूला ‘क्रॅनियल सरफेस’ लिहिलं की तोंडी परीक्षेत गुण जातात. ह्युमरसला (दंडाचं हाड) तेच लिहिलेलं चालतं. हे कुठे बदलतं आणि का? दुसरं, ॲक्सियल-ॲबॅक्सियल आणि मिडियल-लॅटरल यांत फरक काय, दोन्ही ‘आतलं-बाहेरचं’च ना? तिसरं, फ्लेक्शन म्हणजे सांधा मागे वाकणं असं समजून चाललो होतो, पण हॉकला (मागच्या पायाचा घोटा) ते लागूच पडत नाही. आणि एक्स-रेच्या नावांमध्ये डीएलपीएमओ वगैरे दिसतं, ते वाचायचं कसं?

नुसत्या व्याख्या पुस्तकात आहेत. हे प्रत्यक्ष कुठे लागतं तेही सांगितलंत तर बरं होईल.

---

हाडांचा_पेटारा

आधी अँटिरिअर-पोस्टिरिअरचा निकाल लावू. माणूस दोन पायांवर उभा, त्याचं पोट समोर, म्हणून त्याच्यात अँटिरिअर म्हणजे पोटाकडची बाजू. गायीच्या समोर तोंड असतं आणि पोट जमिनीकडे. मग तिच्यात अँटिरिअर म्हणजे पोट की डोकं? उत्तर देणाऱ्यावर ठरणार. म्हणून आपल्या शास्त्रात दिशा जमिनीवरून ठरवत नाहीत, जनावराच्या स्वतःच्या शरीरावरून ठरवतात: कवटीकडे, शेपटीकडे, पाठीकडे, पोटाकडे. जनावर उभं असो, पाठीवर पाडलेलं असो की शवविच्छेदनाच्या टेबलावर आडवं असो, नाव बदलत नाही. ‘नॉमिना ॲनाटॉमिका व्हेटरिनारिया’ ही पशुवैद्यकीय नावांची आंतरराष्ट्रीय यादी 1968 पासून हेच तत्त्व पाळते. त्यामुळे हृदयाकडे रक्त आणणारी जी मोठी शीर माणसात सुपिरिअर व्हेना कॅव्हा, तीच आपल्याकडे क्रॅनियल व्हेना कॅव्हा. अपवाद म्हणून डोळा लक्षात ठेवा. तिथे अँटिरिअर चेंबर, पोस्टिरिअर चेंबर तसेच राहिलेत आणि पापण्याही सुपिरिअर-इन्फिरिअरच आहेत.

डोक्याच्या आत शिरलात की क्रॅनियल संपतं. जे आधीच कवटीत आहे ते ‘कवटीकडे’ कसं असणार? तिथे नाकाच्या शेंड्याकडे ते रॉस्ट्रल. उलट दिशेला मात्र कॉडलच.

आता पाय. पुढच्या पायात रेडियस (कोपराखालचं हाड) आणि कार्पस यांच्यातला सांधा, म्हणजे अँटिब्रेकिओकार्पल जॉइंट, ही सीमा. त्याच्या वर क्रॅनियल आणि कॉडल. त्याच्यापासून खाली, खुद्द कार्पस धरून, डॉर्सल आणि पामर. मागच्या पायात टार्सोक्रुरल सांधा (नडगी आणि टार्सस, म्हणजे घोटा, यांच्यातला) ही सीमा, त्याखाली टार्सस धरून डॉर्सल आणि प्लांटर. कारण समजून घ्यायला कुत्र्याचा पंजा हातात घ्या. गादी असलेली बाजू हा तळवा आणि त्याच्या विरुद्धची पंजाची पाठ. पाठ म्हणून डॉर्सल, तळहात म्हणून पामर, तळपाय म्हणून प्लांटर. गायी-घोड्यात हाच भाग लांब होऊन उभा राहिलाय, म्हणून ‘पुढची बाजू’ वाटतो.

परीक्षेत पुढच्या पायात प्लांटर आणि मागच्या पायात पामर लिहिणारे दरवर्षी निघतात. क्रॅनियलपेक्षा त्याचे गुण जास्त जातात, कारण त्यातून पाय कुठला हेच कळलेलं नाही असं दिसतं.

तुमच्या तोंडी परीक्षेत म्हशीचा किंवा बैलाचा मेटाकार्पस हातात देतील आणि ‘साइड सांगा’ म्हणतील. दोन गोल कॉन्डाइल (सांध्याचे उंचवटे) असलेलं टोक डिस्टल, म्हणजे शरीरापासून लांबचं, ते खाली धरा. मधोमध उभी पन्हळ असलेली बाजू डॉर्सल, ती स्वतःपासून लांब करा, म्हणजे जनावराचं तोंड तुमच्यासारखंच समोर झालं. आता वरच्या सपाट सांध्याच्या पृष्ठभागाकडे बघा. दोन भागांतला मोठा भाग मिडियल. तो तुमच्या डावीकडे आला तर हाड उजव्या पायाचं. लॅटरल बाजूला पाचव्या मेटाकार्पलच्या छोट्या हाडाची जागा दिसली तर खात्री पटते. मेटाटार्सस (मागच्या पायातलं तसंच हाड) यापेक्षा लांब असतो आणि त्याचा मधला दांडा चौकोनी लागतो. मेटाकार्पसचा पुढून-मागून चपटा असतो. चिमटीत धरून फिरवलात तर डोळे मिटूनही कळतं.

---

गोठा_ते_गोठा

पेटारा सरांनी पाया घातलाच आहे. मी ॲक्सियल-ॲबॅक्सियलवर बोलतो, कारण खुरांच्या कामात याच्याशिवाय पान हलत नाही.

मिडियल-लॅटरल मोजायचं ते शरीराच्या मधल्या उभ्या प्रतलापासून. ॲक्सियल-ॲबॅक्सियल मोजायचं ते त्या पायाच्याच अक्षापासून. गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कुत्रा यांच्यात हा अक्ष तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधून जातो, म्हणजे गायीत दोन खुरांच्या फटीतून. फटीकडची भिंत ॲक्सियल, बाहेरची ॲबॅक्सियल. आता गंमत बघा. लॅटरल खुराची ॲक्सियल भिंत ही शरीराच्या हिशेबाने त्याची मिडियल बाजू आहे, पण मिडियल खुराची ॲक्सियल भिंत ही त्याची लॅटरल बाजू. मालक म्हणतो ‘आतल्या बाजूला लागलंय’. म्हणजे आतल्या खुराला, की बाहेरच्या खुराच्या आतल्या भिंतीला? फोनवर हे ऐकून औषध सांगू नका. फटीकडे की पोटाकडे, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

केसपेपरवर याचा उपयोग असा. सोल अल्सर (खुराच्या तळव्यावरचा व्रण) सहसा मागच्या पायाच्या लॅटरल खुरात, तळवा आणि टाच जिथे मिळतात तिथे, ॲक्सियल बाजूकडे झुकलेला सापडतो. वरून खुराच्या हाडाचा फ्लेक्सर ट्यूबर्कल आतल्या नाजूक थराला चेपतो ती हीच जागा. व्हाइट लाइनचा (भिंत आणि तळवा जुळतात ती रेघ) आजार बहुतेक त्याच खुराच्या ॲबॅक्सियल भिंतीला, टाचेच्या बाजूला. दोन्हींत गाय त्याच पायावर लंगडते, पण चाकू कुठे लावायचा ते वेगळं. ‘मागच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या खुराला जखम’ एवढंच लिहिलंत तर पंधरा दिवसांनी येणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

खूर साळतानाही मिडियल-लॅटरल लागतं. होल्स्टीन गायीत मागच्या पायाला सुरुवात मिडियल खुरापासून. डॉर्सल भिंत केसांच्या कडेपासून टोकापर्यंत साधारण 7.5 सें.मी. ठेवायची आणि लॅटरल खूर त्याच्या बरोबरीला आणायचा, कारण मागे लॅटरल खूर जास्त भार घेऊन वाढलेला असतो. पुढच्या पायात उलट, लॅटरल खूर प्रमाण धरायचा. मोठ्या चणीच्या गायीला थोडी जास्त लांबी सोडावी. म्हशीला किंवा खिलार बैलाला हे माप जसंच्या तसं लावू नका.

घोड्यात एकच बोट, त्यामुळे अक्ष तिसऱ्या बोटाच्या मधून जातो. ‘ॲबॅक्सियल सेसमॉइड ब्लॉक’ (सेसमॉइड हाडांपाशी नर्व्हला भूल देणं) म्हणतात तेव्हा दोन्ही सेसमॉइड हाडांची बाहेरची कडा अपेक्षित असते, मिडियलची मिडियलकडे आणि लॅटरलची लॅटरलकडे.

आणि एक. शेतकरी ‘पुढचा गुडघा’ म्हणतो तो कार्पस, म्हणजे आपलं मनगट. ‘मागचा गुडघा’ म्हणून तो बहुतेक वेळा हॉक दाखवतो, म्हणजे आपला घोटा. खरा गुडघा, स्टायफल, वर कुशीच्या चामडीजवळ असतो आणि तो कुणी दाखवत नाही. आधी बोट ठेवायला सांगा, मग संज्ञा लिहा.

---

कडबाकुट्टी

फ्लेक्शनची साधी खूण: पाय उचलला की सांधा ज्या बाजूला जातो ते फ्लेक्शन, म्हणजे मागे. हॉक तेवढा अपवाद धरायचा. फार डोकं लावू नये.

---

लंगडी_गाय

कडबाकुट्टी, ‘मागे’ हा शब्दच सोडून द्या. कोपराचं फ्लेक्शन पुढे होतं, स्टायफलचं मागे, हॉकचं पुढे, खांद्याचं मागे. मग अपवाद किती धरणार? दोन हाडांमधला कोन कमी होतो ते फ्लेक्शन, वाढतो ते एक्स्टेन्शन. हॉकचा लहान कोन डॉर्सल बाजूला आहे, तो मिटला की फ्लेक्शन. कार्पसचा कोन पामर बाजूला मिटतो.

अडचण फक्त फेटलॉकला (मेटाकार्पस किंवा मेटाटार्ससच्या खालचा सांधा) येते. उभ्या घोड्यात फेटलॉक सरळ रेषेच्याही पलीकडे, डॉर्सल बाजूला झुकलेला असतो, म्हणजे आधीच हायपरएक्स्टेन्शनमध्ये. पाय उचलून खूर पामर बाजूला वळवला की डॉर्सल कोन 180 अंशांच्या पुढे जातो. तुम्ही डॉर्सल कोनच मोजत बसलात तर हे एक्स्टेन्शन वाटेल. खालच्या सांध्यांत पामर किंवा प्लांटर बाजूला मिटणं म्हणजे फ्लेक्शन, असं पक्कं धरा. फ्लेक्सर टेंडन त्याच बाजूने जातात, तीच ओळख.

मागच्या पायात एक चकवा आहे. बोटांचे एक्स्टेन्सर स्नायू हॉकच्या डॉर्सल बाजूने जातात, म्हणून ते बोटं ताणतात आणि हॉक मिटवतात. गॅस्ट्रोक्नेमियस (पोटरीचा स्नायू) हॉक ताणतो आणि स्टायफल मिटवायला मदत करतो. नाव एका सांध्यावरून पडलेलं असतं, काम दोन सांध्यांवर चालतं. स्नायू पाठ करताना ‘कुठल्या सांध्याचा’ हे प्रत्येक वेळी जोडून म्हणा.

घोड्यात स्टायफल आणि हॉक एकत्रच मिटतात आणि एकत्रच ताणले जातात. पुढून फिब्युलारिस टर्शियस, मागून सुपरफिशियल डिजिटल फ्लेक्सर, दोन्ही जवळजवळ दोऱ्यांसारखे. हा नियम मोडलेला दिसला की निदान तिथेच होतं. स्टायफल मिटलेला ठेवून पाय मागे ओढला आणि हॉक सरळ झाला, टाचेवरच्या जाड टेंडनला चुण्या पडल्या, तर फिब्युलारिस टर्शियस तुटलाय. निरोगी घोड्यात हे करूनच दाखवता येत नाही.

अर्धांगवायूच्या केसेस तर याच शब्दांवर ओळखायच्या असतात. रेडियल नर्व्ह गेली की कोपर, कार्पस आणि बोटांचं एक्स्टेन्शन जातं. कोपर खाली लोंबतो, खुराचं टोक घासतं. पेरोनियल गेली की हॉक जास्त ताणलेला आणि फेटलॉक दुमडून डॉर्सल बाजू जमिनीला टेकलेली. खूप वेळ एका कुशीवर पडून राहिलेल्या गायीत हे दिसतं, कारण ही नर्व्ह स्टायफलच्या लॅटरल बाजूला चामडीखालीच असते आणि तिथे चेपते. अवघड वितीनंतर (प्रसूतीनंतर) ऑब्ट्युरेटर नर्व्ह चेपली तर ॲडक्शन, म्हणजे पाय आत ओढणं, जातं, मागचे पाय फाकतात. गुळगुळीत कोब्यावर अशी गाय उठवायला गेलात तर पाय आणखी फाकून मांडीचे स्नायू फाटतात. आधी खाली माती किंवा जाड गवत, मग दोन्ही मागच्या पायांना फेटलॉकच्या वर मऊ दोरीने एकमेकांशी बांधून घ्या, पाऊल टाकण्यापुरतं अंतर सोडून.

प्रोनेशन-सुपिनेशन (तळवा खाली-वर फिरवणं) गायी-घोड्यात शोधू नका. रेडियस आणि अल्ना जुळलेले असल्याने अग्रपाद फिरतच नाही. मांजरात बऱ्यापैकी, कुत्र्यात थोडं.

---

नवशिका_व्हेट

लंगडी_गाय, कोनाचं आता डोक्यात बसलं. म्हशीत गुडघ्याची वाटी अडकते त्याला कुठे ‘अपवर्ड फिक्सेशन’ वाचलं, कुठे ‘डॉर्सल’. पायाच्या हिशेबाने प्रॉक्झिमल (शरीराजवळचं) हवं ना?

---

लंगडी_गाय

नियमाने बघितलं तर हो. पण ‘अपवर्ड फिक्सेशन’ रूढ आहे, तेच लिहा. ‘डॉर्सल’ मात्र टाळलेलं बरं, त्या जागी ती दिशा क्रॅनियल-कॉडलच्या क्षेत्रातली आहे. होतं असं की मिडियल पॅटेलर लिगामेंट (वाटीचा आतला बंध) फीमरच्या (मांडीचं हाड) मिडियल ट्रोक्लिअर रिजवर, म्हणजे वाटी सरकते त्या खाचेच्या आतल्या कडेवर, अडकतं. स्टायफल आणि हॉक एक्स्टेन्शनमध्ये कुलूपबंद, फेटलॉक मिटलेला, खूर मागे घासत. झटका बसला की सुटतं आणि जनावर दोन पावलं नीट टाकतं. शस्त्रक्रियेत तेच लिगामेंट टिबियाला चिकटतं त्याच्या जवळ, मिडियल आणि मिडल लिगामेंटच्या मधल्या खाचेतून सुरी घालून कापतात. इथे मिडियल आणि मिडल ऐकताना गफलत झाली की चुकीचं लिगामेंट कापलं जातं, म्हणून आधी तिन्ही लिगामेंट बोटांनी चाचपून वेगळी ओळखायची.

---

क्षकिरण

एक्स-रेच्या नावाचा नियम एकच: किरण शरीरात जिथून शिरतात ते आधी, जिथून बाहेर पडून प्लेटवर येतात ते नंतर. डॉर्सोव्हेंट्रल, म्हणजे डीव्ही, किरण पाठीतून शिरून पोटातून बाहेर, जनावर छातीवर बसलेलं. व्हीडी म्हणजे जनावर पाठीवर. धाप लागलेल्या कुत्र्याला व्हीडीसाठी उताणा पाडू नका, टेबलावरच जातो. डीव्हीत जे दिसेल ते बघा, आधी ऑक्सिजन.

पायात पेटारा सरांची सीमा इथेही चालते. ह्युमरस, रेडियस, स्टायफलला क्रॅनिओकॉडल. कार्पसपासून खाली डॉर्सोपामर, टार्ससपासून खाली डॉर्सोप्लांटर. अहवालात ‘मेटाकार्पसचा एपी (अँटिरोपोस्टिरिअर) व्ह्यू’ असं अजून दिसतं. माणसांच्या एक्स-रे केंद्रात कुत्रा नेला की तंत्रज्ञ तेच लिहितो. वाचणाऱ्याला समजतं, पण तुम्ही लिहू नका.

डीएलपीएमओ म्हणजे डॉर्सोलॅटरल-पामरोमिडियल ऑब्लिक (तिरपा). किरण पुढून-बाहेरून शिरले, मागून-आतून बाहेर पडले. मुलं इथे चुकतात ती अशी की किरण शिरले तीच बाजू चित्रात कडेला दिसेल असं धरतात. तसं नसतं. कडेला येतात ते किरणांना स्पर्श करून जाणारे भाग, म्हणजे डॉर्सोमिडियल आणि पामरोलॅटरल. लॅटरल स्प्लिंट हाडाचा (मेटाकार्पसच्या कडेचं बारीक हाड) संशय असेल तर हाच व्ह्यू मागायचा, मिडियलचा असेल तर डॉर्सोमिडियल-पामरोलॅटरल. अंश लिहायलाही विसरू नका. 45 अंशांचा आणि 60 अंशांचा ऑब्लिक यांत दिसणारी कड बदलते.

छाती-पोटाच्या लॅटरलला जी बाजू खाली टेबलाकडे ती नावात: राइट लॅटरल म्हणजे उजव्या कुशीवर. कुत्र्याचं पोट फुगलंय आणि जठराला पीळ पडल्याचा संशय आहे, तर राइट लॅटरलच घ्या. त्यात पायलोरस (जठराचं आतड्याकडचं तोंड) वायूने भरून डॉर्सल बाजूला सरकलेला वेगळा उठून दिसतो. आणि डीव्ही-व्हीडी बघताना जनावराची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला लावा. डावं-उजवं नेहमी जनावराचं, बघणाऱ्याचं नाही.

---

गोठा_ते_गोठा

‘जनावराचं डावं-उजवं’ वरून वितीचं सांगतो, कारण तिथे जनावरं दोन असतात.

वासरू पुढच्या बाजूने येत असेल तर वासराचं क्रॅनियल म्हणजे आईचं कॉडल. म्हणून ‘पुढे ढकल’ म्हणू नये. ‘आईच्या डोक्याकडे ढकल’ म्हणावं.

हात घातल्यावर लागलेला पाय पुढचा की मागचा? खुरापासून वर जा. पहिला सांधा फेटलॉक. दुसरा सांधा त्याच बाजूला मिटला तर पुढचा पाय, तो कार्पस. विरुद्ध बाजूला मिटला तर मागचा, तो हॉक, आणि हॉकचं टोकही हाताला लागतं. वर लंगडी_गायने सांगितलेलं फ्लेक्शन इथे कामाला येतं. तळवा वर की खाली यावर विसंबू नका, वासरू उलटं असलं की फसता.

कार्पस दुमडून अडकला असेल तर कळ ओसरल्यावर वासराला आईच्या डोक्याकडे ढकला, जागा झाली की कार्पस वर आणि लॅटरल बाजूला सारा, खूर तळहातात पूर्ण झाकून मिडियलकडून बाहेर ओढा. खूर उघडा ठेवून ओढला तर गर्भाशय फाटतं.

म्हशीत गर्भाशयाला पीळ पडतो तो बहुतेक उजवीकडे. ही दिशा म्हशीच्या मागे उभं राहून ठरवायची: घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तो उजवा पीळ. शेणमार्गातून हात घालून खात्री करा. उजव्या पिळात डाव्या बाजूचं ब्रॉड लिगामेंट (गर्भाशयाला बाजूने धरणारा पडदा) गर्भाशयाच्या वरून उजवीकडे ताणलेलं लागतं, उजवं खाली ओढलं गेलेलं. डाव्या पिळात याचं उलट. हे न बघता म्हैस लोळवायला घेतली तर पीळ आणखी घट्ट होण्याची शक्यता असते.

लोळवायचं ते पिळाच्याच दिशेने, म्हणजे शरीर फिरून आत थांबलेल्या गर्भाशयाला गाठतं. उजवा पीळ असेल तर म्हैस उजव्या कुशीवर पाडा, पुढचे दोन पाय एकत्र आणि मागचे दोन एकत्र बांधा, वरच्या डाव्या कुशीवर लांब फळी तिरपी ठेवून तिचं एक टोक जमिनीला टेकवा. फळीवर एक माणूस उभा राहून हळूहळू सरकेल, बाकीचे म्हशीला पाठीवरून डाव्या कुशीवर आणतील. फळीचा दाब गर्भाशयाला जागेवर धरतो. प्रत्येक लोळवणीनंतर हात घालून बघा. पीळ सुटला की योनीमार्गाच्या वळ्या मोकळ्या लागतात आणि अनेकदा साचलेलं पाणी भसकन बाहेर येतं. तीन-चार वेळा करूनही वळ्या तशाच राहिल्या तर थांबा आणि सिझेरियनची तयारी करा. पीळ पडून दीड-दोन दिवस उलटले असतील तर गर्भाशयाची भिंत आसपासच्या भागांना चिकटलेली असू शकते, तिथे लोळवण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं.